पहिलीच्या हजेरीपटावरची नावं कुठं आहेत?

प्रति,
संयोजक मंडळ,
दहावी 1988 बॅच स्नेहमेळावा

सप्रेम नमस्कार.

तुमची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली. देखणी झाली आहे. वर माळवदाच्या वाड्याचा फोटो, खाली बैलगाडी, कोपऱ्यात कंदील आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘ऐंशीचं दशक : आयुष्यातला सुवर्णकाळ’. जेवायला चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा. फोटो काढायला सजवलेली बैलगाडी भाड्यानं आणणार आहात म्हणे. (गावात चार बैलजोड्याही उरल्या नाहीत, त्यामुळं भाड्यानंच आणावी लागणार.) स्मरणिकेसाठी ‘त्या सोन्यासारख्या दिवसांवर चार ओळी’ पाठवा, असा निरोप मला तीनदा आला. चार ओळींत काही बसेना. ग्रुपवर लिहिलं असतं तर दहा मिनिटांत गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात पडून ते वर सरकून गेलं असतं. म्हणून हे उघड पत्र.

आधीच सांगते, आठवणी मलाही येतात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कडब्याच्या खोपीत बसून प्यायलेलं अंबील, हुरड्याच्या आगटीत भाजलेली बोटं, भिजल्या एस.टी.चा वास, परभणी आकाशवाणी लावायला गुरुजींच्या ओट्यावर जमलेली मंडळी. हे सगळं माझंही आहे आणि ते मला कुणाला देऊन टाकायचं नाही. पण पत्रिका मी मायला वाचून दाखवली. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सुवर्ण म्हंजी सोनंच ना गं? आपल्या गावात कुनाच्या घरी व्हतं?’’

तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचतं का पाहा.

ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी स्वस्ताईचा संदेश टाकतं. पाच पैशांच्या लिमलेटच्या गोळ्या, चार आण्यांचा बर्फाचा गोळा. माझ्याकडे बाबांची किराणा दुकानाची चोपडी आहे, 1986 सालची. लाल कापडाचं पुठ्ठं, आत दुकानदाराचं शाईपेनाचं अक्षर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘मागील बाकी’. गोडं तेल कुठंही किलोनं नाही. शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम, पुन्हा शंभर ग्रॅम. चहापत्तीची पुडी. राकेल एक लिटर. आषाढातल्या एका पानावर नुसतं मीठ आणि काडेपेटी आहे. आठवडाभर घरात दुसरं काही आलेलंच नाही. तेल तेव्हा अठरा रुपये किलोच्या भावानं लावलेलं दिसतं आणि मायला खुरपणीचा रोज पाच रुपये मिळायचा. म्हणजे एक किलो तेलासाठी तिनं साडेतीन दिवस वाकून खुरपायचं. आज आमच्या शिवारात बाईला तीनशे रुपये रोज आहे आणि तेल दीडशेच्या आसपास. अर्धा दिवस. ज्वारी तेव्हा दोन रुपये किलो, म्हणजे दिवसाच्या कष्टात अडीच किलो. आज चाळीसची धरली तरी सात किलो येते. स्वस्त होतं ते ज्यांच्या घरी पगार यायचा त्यांना. आपल्या वर्गात अशी घरं किती होती? गुरुजींची दोन, तलाठ्याचं एक.

माझे आजोबा तर ऐंशीच्या दशकालाही महाग म्हणायचे. त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे मोगलाई, निजामाची राजवट. तेव्हाचा निजामी हाली रुपया काय होता, तूप कसं मिळायचं, याचं वर्णन करताना त्यांचे डोळे भरून यायचे. आणि त्याच बैठकीत, पान लावता लावता, ते सांगायचे की रझाकारांच्या भीतीनं घरातल्या बाया-पोरी रात्र-रात्र ज्वारीच्या फडात कशा लपवाव्या लागल्या आणि 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आल्याची बातमी कळल्यावर गावात कशी साखर वाटली. तूपही खरं आणि फडही खरा. फक्त तूप आठवताना त्यांना फड आठवायचा नाही. ते तेव्हा विशीत होते, हे मला आता कळतं. आपण त्या काळाला सोनं म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत असतो.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या यादीत तेवीस नावं आहेत. एकोणीस मुलगे, चार मुली. ही यादी तुम्ही दहावीच्या निकालावरून केली, हे उघड आहे. मी आरोग्यसेविका. मुलांच्या तपासणीला आणि लसीला शाळेत जाणं माझ्या कामाचाच भाग. मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांना विनंती करून मी जुनं प्रवेश रजिस्टर काढायला लावलं. जून 1978. आपली पहिली. अठ्ठावन्न नावं आहेत. त्यात सव्वीस मुली.

(जाता जाता, आपल्यापैकी निम्म्यांची जन्मतारीख 1 जून 1972 लिहिली आहे. गुरुजींनी पोरगं बघितलं, कानाला हात पोचतो का पाहिलं आणि तारीख टाकली. म्हणून आपल्या ग्रुपवर 1 जूनला केकच्या फोटोंचा पूर येतो. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं पुरवलेली मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन जी जन्माला आली आणि जगली, त्या पोरांची खरी तारीख कुणी लिहून ठेवली असणार?)

अठ्ठावन्नातले पस्तीस कुठं गेले? सव्वीसातल्या बावीस जणी कुठं गेल्या? रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, ‘घरकाम’. सातवीपर्यंत शाळा गावात, पुढं चार किलोमीटर चालत जायचं. मुलीला तेवढं चालू द्यायचं नाही, असं गावानं ठरवल्यासारखं होतं. तेच चार किलोमीटर ती डोक्यावर घागर घेऊन, सरपणाची मोळी घेऊन जात होतीच. 1981 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातल्या जेमतेम पस्तीस बायकांना लिहिता-वाचता येत होतं. मराठवाड्यात त्याहून कमी. आपण चौघी दहावी झालो त्या काही हुशार होतो म्हणून नव्हे. माझ्या पाठीवर धाकटी बहीण होती, तिला घरी ठेवलं म्हणून मी शाळेत गेले. तिचं नाव चौथीपर्यंतच्या रजिस्टरात आहे.

माझ्या बाकावर बसायची ती तुम्हाला आठवते का? तुमच्यातल्या दोघांनी तिच्याच वहीतून गणितं उतरवली आहेत. सातवीची परीक्षा झाली आणि त्याच वैशाखात तिचं लग्न लागलं. तुम्ही सगळे त्या लग्नात पंगतीला वाढायला होता. बुंदी होती. पुढं मी नोकरीला लागल्यावर एका वाडीवर ती मला भेटली. मी ओळखलं नाही. तिनंच हाक मारली. पहिलं बाळंतपण सोळाव्या वर्षी, घरीच, मूल गेलं. दुसरंही गेलं. तिनं हे सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही, तिच्या जावेचंही एक गेलं होतं, सासूची तीन गेली होती. 1990 साली महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार मुलांपैकी 58 वर्षाच्या आत जात होती. 2020 साली हा आकडा 16 वर आला. मी हा आकडा बैठकांमध्ये खाली मान घालून लिहून घेते, पण दर वेळी मला ती वाडीच दिसते.

आणि आता बैलगाडीबद्दल. तुम्ही ती झेंडूच्या माळा लावून उभी करणार आहात. माझ्या मोठ्या वहिनीला 1985 च्या पावसाळ्यात रात्री कळा सुटल्या. सुईणीनं हात टेकले. अंबाजोगाईला मोठा दवाखाना होता, वैद्यकीय महाविद्यालय होतं, तिथपर्यंत जायचं म्हणून दादानं गाडी जुंपली. खाली कडबा, वर गोधडी, मेणकापड. मायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी कंदील धरून गाडीमागं वेशीपर्यंत चालत गेले. ओढ्याला पाणी आलं होतं. अलीकडं थांबून ते उतरायची वाट पाहत बसले. किती वेळ, याचा हिशेब दादानं कधी सांगितला नाही. पहाटे गाडी परत आली तेव्हा मी ओट्यावरच बसलेले होते. चाकाचा आवाज लांबूनच आला आणि गाडी इतक्या लवकर कशी आली, हे मला तेव्हाच कळलं. वहिनी बावीस वर्षांची होती.

त्या ओढ्यावर आता पूल आहे. 2014 पासून 108 ला फोन लागतो आणि गाडी येते. कधी उशिरा येते, कधी डिझेलवरून वाद होतो, रस्त्याला खड्डे आहेत, मीच दर महिन्याला तक्रारी करते. पण येते. 2005-06 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली शंभरातली पासष्ट बाळंतपणं दवाखान्यात झाली होती, 2019-21 च्या पाहणीत हा आकडा पंचाण्णवच्या जवळ गेला. आशाताई रात्री दोनला पोटुशा बाईबरोबर गाडीत बसते, हे मी डोळ्यांनी बघते. तिचं मानधन थकलेलं असतं, तरी बसते.

‘गावात सगळे गुण्यागोविंदानं राहायचे,’ असं स्मरणिकेच्या मसुद्यात आहे. कुणी लिहिलं ते विचारत नाही. आपण पहिलीत बसलो तो जून 1978. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत आपल्या मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. आपण दहावी होऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे आपली सगळी शाळा, पाटीपासून निकालापर्यंत, त्याच काळातली. मागच्या भिंतीला टेकून बसणारा आपला एक मित्र होता. शाळेच्या रांजणातलं पाणी आपण पेल्यानं घ्यायचो. त्याला शिपाई वरून ओंजळीत ओतायचा. मी रोज बघायचे आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही माझी लाज आहे, ती मी इथं लिहून ठेवते. तो दहावी झाला, आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा चांगल्या मार्कांनी. यादीत त्याचं नाव आहे, पण समोर ‘संपर्क होत नाही’ असं लिहिलंय. त्याचा भाऊ तालुक्याला झेरॉक्सचं दुकान चालवतो. तुमच्यातले निम्मे जण तिथूनच सातबाराच्या प्रती काढून आणता.

बारवेचंही असंच. तिची साफसफाई करून दिवे लावायचा कार्यक्रम तुम्ही ठेवलाय. त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे, खरंच, इतकी सुंदर वास्तू कचऱ्यात पडावी हे वाईटच. पण पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरायची, त्या पाण्यातूनच नारू व्हायचा, हे विसरलात का? माझ्या चुलत्याच्या पोटरीतून तो निघाला होता. आधी फोड, मग पांढऱ्या दोऱ्यासारखं तोंड. ते काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढायचं. जास्त ओढलं तर आत तुटतो आणि पाय सुजून कुजायला लागतो. ऐन पेरणीत ते महिनाभर खाटेवर होते. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आज माझ्या हाताखालच्या पोरींना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं.

माळवदाबद्दल फार लिहीत नाही. उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर भागातल्या भूकंपात मातीत रचलेल्या त्याच जाड दगडी भिंती आणि लाकडांवर ओतलेली तीच हातभर माती झोपलेल्या माणसांवर आली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे. तेव्हा आमची तिकडं ड्युटी लागली होती. पत्रिकेवरचा तो फोटो पाहिला की मला पहिल्यांदा गारवा आठवत नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बाईला आजच्या काळाचं फार कौतुक. नाही हो. आज काय चाललंय ते मी तुमच्यापेक्षा जवळून बघते. आणि काही बाबतींत तो काळ खरंच बरा होता, तेही लिहिते, नाहीतर हिशेब खोटा ठरेल.

पाणी. आपल्या आडाला उन्हाळ्यातसुद्धा पाच परसांवर, म्हणजे पाच पुरुष खोलीवर, पाणी होतं. दोर दुपदरी करून लहान पोरगी शेंदू शकायची. आज त्याच गल्लीत सातशे फुटांवर बोअर धुरळा काढतो. लातूरसारख्या शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. आपल्या आजोबांनी पाहिलेले दुष्काळ धान्याचे होते, माणूस रोजगार हमीवर खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगला. आता दुकानात सगळं आहे आणि नळ कोरडा आहे. याला फक्त पाऊस जबाबदार नाही. आपण ज्वारी-बाजरी सोडून ऊस लावला. तुमच्यातल्या सहा जणांचा आहे, माझ्या दादाचाही आहे.

मुली. हे लिहिताना हात जड होतो, कारण हे माझ्याच खात्याच्या दारात घडलं. आपल्या बीड जिल्ह्यात 1991 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 939 मुली होत्या. 2001 ला 894. 2011 ला 807. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा आहे. कायदा झाल्यावर आकडा घसरत गेला. आपल्या वर्गातल्या बावीस जणींना शिकू दिलं नाही, पण वर्गात सव्वीस मुली होत्या तरी. आणि घसरणीची ती वीस वर्षं म्हणजे नेमकी आपल्या पिढीच्या घरात पाळणे हलायची वर्षं. आपल्याआधीच्या अडाणी म्हणवलेल्या लोकांच्या माथी हे मारता येणार नाही.

ऊसतोड तेव्हाही होती. दसरा-दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं जायची, वर्गात एकदम जागा व्हायची, आपल्याला पाय पसरून बसायला मिळायचं. आजही जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, बाई वेगळी मोजलीच जात नाही. 2019 साली सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायांपैकी 13 हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. ऐंशीच्या दशकात हे नव्हतं. तेव्हा बाई दुखणं अंगावर काढून मरायची, आता पिशवी काढून फडात उभी राहते. यात बरं काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मला ठरवता आलेलं नाही.

आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. 2015 या एका वर्षात मराठवाड्यात अकराशेवर झाल्या. आपल्या बॅचमधल्या दोघांच्या घरी आपण जाऊन आलो आहोत, त्यामुळं जास्त लिहीत नाही. बाबांच्या चोपडीत ‘मागील बाकी’ होती, पण दुकानदार गावातला होता, तो पोळ्यापर्यंत थांबायचा.

तर माझं म्हणणं एवढंच की ‘तेव्हा चांगलं होतं’ हे वाक्य अर्धं आहे. कुणाला चांगलं होतं, हे त्याला जोडा आणि मग छापा. पत्रिका अजून छापखान्यात गेलेली नाही, असं कळलं. म्हणून तीन विनंत्या आहेत.

बोलावणं दहावीच्या निकालावरून नको, पहिलीच्या रजिस्टरवरून करा. अठ्ठावन्न नावांची यादी मी लिहून काढली आहे. सोबत फोटो पाठवते. बावीस जणींपैकी चौदा कुठं नांदतात ते मला माहीत आहे, आरोग्यसेविकेला माहीत असतंच. तिघी गेल्या. उरलेल्या पाच जणींचा शोध तुम्ही घ्या, तुमचे राजकारणात इतके लोक आहेत. ज्यांनी दहावी केली नाही त्यांना ‘बॅच’चं बोलावणं कसं द्यायचं, असा प्रश्न कुणी काढलाच, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

झेरॉक्सच्या दुकानात फोन करू नका. दोघं-तिघं जाऊन या.

आणि गुरुजींच्या सत्कारानंतर भाषणं कमी ठेवून आपापल्या आयांना दहा-दहा मिनिटं बोलू द्या. ज्यांच्या आहेत त्यांच्या. चुलीवरच्या भाकरीची चव कशी लागायची ते तुम्ही सांगालच, फुंकणी मारताना डोळ्यांचं काय व्हायचं ते त्या सांगतील. स्वयंपाकाला आचारी पुरुष लावलेत, हे मात्र फार उत्तम केलंत.

मी येणार आहे. येताना बाबांची चोपडी आणते, ज्याला हिशेब तपासायचा त्यानं तपासावा. मायही येते म्हणाली आहे. तिला फोटोसाठी बैलगाडीत चढवायचा आग्रह कुणी करू नका. सावलीत एक खुर्ची ठेवा, पाठ असलेली.

तुमची वर्गमैत्रीण,
पहिलीचा हजेरी क्रमांक 41